आधी टेलला

आमच्या साहेबांना गेल्या महिन्यात वेळ सापडला. एका हॉटेलात वेळेच्या नियोजनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे सापडला. नाश्ता, जेवण आणि दोन वेळचा चहा धरून. सोमवारी ते परत आले तेव्हा हातात चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या होत्या आणि चेहऱ्यावर नुकत्याच माळ घातलेल्या माणसाची शांती. आम्ही ओळखलं, आता आपलं काही खरं नाही.

मी यवतचा. रोज कंपनीच्या बसने औद्योगिक वसाहतीत जातो, तिथे सुपरवायझर असतो आणि उरलेल्या वेळात चारीच्या टोकाला असलेल्या दोन एकरांचा वारस. ‘टोकाला’ हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

साहेबांनी फळ्यावर चौकोन काढला आणि त्याचे चार कप्पे केले. हा चौकोन आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवणारे सेनापती, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष. तातडीचं काय आणि महत्त्वाचं काय, हा प्रश्न त्यांना पडणं साहजिक होतं. आमच्याकडे तो खोक्यांवरच्या लेबलांबाबत पडला. तातडीचं आणि महत्त्वाचं असेल ते लगेच करा. महत्त्वाचं पण बिनघाईचं असेल त्याला वेळ ठरवून द्या. तातडीचं पण बिनमहत्त्वाचं असेल ते दुसऱ्याकडे सोपवा. दोन्ही नसेल ते सोडून द्या.

साहेबांनी चारही कप्पे वाचून दाखवले आणि मुक्काम तिसऱ्यात ठोकला. बुधवारपर्यंत त्यांच्या टेबलावरचा कागद न् कागद ‘सोपवा’मध्ये गेला आणि तिथून माझ्याकडे आला. मी तो लाइनवरच्या पोरांकडे दिला. पोरांनी कंत्राटी हेल्परकडे दिला. हेल्परने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्याखाली फक्त फरशी होती.

मग टोमॅटो आला. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या गृहस्थांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला. पंचवीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. या पद्धतीला इटालियनमधल्या टोमॅटोचंच नाव पडलं. आमच्या भागात टोमॅटोचा संबंध वेळेशी नसून भावाशी असतो, त्यामुळे पोरांना आधी वाटलं साहेबांनी शेती घेतली. साहेबांनी दार लावून घेतलं. बाहेर आम्ही सात जण सहीसाठी उभे. कुणाचा गेटपास, कुणाची रजा, कुणाचा ट्रक भरून तयार. सात पंचवीस पावणेदोनशे. आत पंचवीस मिनिटं वाचली आणि बाहेर पावणेदोनशे खर्ची पडली. हा हिशेब चारांपैकी एकाही रंगाच्या चिठ्ठीवर नव्हता.

गुरुवारी सुटायला पंधरा मिनिटं असताना बैठक लागली. विषय होता ‘कामाचा भार वेळेत कसा उरकावा’. हाती जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं, असं पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५५ सालीच लिहून ठेवलंय. बैठकीला वेळच ठरवून दिला नव्हता, त्यामुळे ती किती फुगेल याला मर्यादा नव्हती. बस गेली. मी हायवेवर एसटीला हात करत उभा राहिलो.

घरी पोहोचलो तर आबा बॅटरी घेऊन दारातच. “पाणी सुटलंय. आपली पाळी रात्री दोनला.”

हे पाणी खडकवासल्याचं. नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जातो. धरणाच्या तोंडाशी पुणे शहर, ते आधी पिऊन घेतं. मग कालवा सल्लागार समिती बसते, आवर्तन ठरतं, आम्ही सात नंबरचा अर्ज भरतो आणि वाट बघतो. पाटबंधारे खात्यात एक फार शहाणं तत्त्व आहे: पाणी आधी टेलला, म्हणजे टोकाला, द्यायचं आणि मग वर वर सरकत हेडला, म्हणजे तोंडाशी, यायचं. हेडवाल्याने आधी दार उघडलं तर टेलपर्यंत फक्त ओल पोहोचते, हे कुणीतरी अनुभवाने ओळखलं होतं. तत्त्व अजून कागदावर शाबूत आहे. कालव्यात मात्र वरच्यांच्या मोटारी असतात. म्हणून टेलवाला रात्री दोन वाजता दारं धरतो. उसात बिबट्या असतो. तो तेवढा वेळेवर येतो.

बांधावर बसल्या बसल्या मी आबांना चौकोन, टोमॅटो आणि बैठक, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, तुझा साहेब हेडवरचा बागायतदार हाय,” आबा म्हणाले. “सोताचा ऊस भिजल्याबिगर दार सोडत न्हाय.”

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे एक वाक्य नव्हतं.

आबा मग पालखीवर आले. यवतच्या माणसाचं बोलणं कुठूनही निघालं तरी पालखीपाशी येतंच. तुकोबांची पालखी देहूहून निघते, लोणी काळभोरनंतर आमच्याकडे मुक्कामाला येते आणि सकाळी वरवंडकडे जाते. आषाढीला पंढरपुरात पोहोचायचं, त्यामुळे तारीख पुढे ढकला म्हणायची सोय नाही. त्या संध्याकाळी काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं आणि घराघरांतून भाकऱ्या येतात. कुणी पाच, कुणी पन्नास, जिला जेवढ्या जमतील तेवढ्या. “तुमच्या भाकऱ्यांची सद्यस्थिती कळवा” असा निरोप कुणी धाडत नाही. ज्याने नियोजन केलेलं असतं तोच हातात बादली घेऊन पळत असतो. आधी चालून आलेला जेवतो. वाढपी शेवटी बसतो, कढईच्या तळाला उरलेल्या खरवडीवर.

मला एकदम सुचलं. शुक्रवारी सकाळी साहेबांचं दार उघडं असल्याचं बघून आत शिरलो. म्हटलं, “सर, दिवसाचा पहिला तास टेलला द्या. आधी बाहेर अडकलेल्यांच्या सह्या, परवानग्या, अडचणी. तुम्ही सोडलंत की खालची चाळीस माणसं हलतील. मग तुमचं दार लावा आणि हवे तेवढे टोमॅटो पिकवा.”

साहेब खुर्चीतून उठलेच. “वा! हीच कल्पना आपल्याला हवी होती. कालव्याचं उदाहरण तर फारच छान. वरच्या साहेबांना दाखवू.” त्यांनी पिवळी चिठ्ठी काढली, त्यावर ‘आधी टेलला’ असं झोकदार अक्षरात लिहिलं आणि फळ्यापाशी गेले. क्षणभर विचार केला. मग ती तिसऱ्या कप्प्यात चिकटवली.

“यावर एक सविस्तर टिपण कर,” ते म्हणाले. “सोमवारी सकाळी मिळालं पाहिजे. आणि मी तासभर आत आहे, कुणाला पाठवू नकोस.”

तेच टिपण तुम्ही आत्ता वाचलंत. आज पुन्हा रात्री दोनची पाळी आहे, बॅटरीच्या उजेडात लिहितोय. अडीच वाजून गेले, चारीला अजून पाणी नाही. आबा वर कुणी दार उघडलंय ते बघायला गेलेत.