डॉर्सेटचा हंगामी ग्रामस्थ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात उन्हाळ्याच्या दिवसांत दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास एक विशिष्ट मानवसमूह दाखल होतो. या समूहातील व्यक्तीला सोयीसाठी ‘कॉटेजकर’ म्हणता येईल. कॉटेज म्हणजे मुळात शेतमजुराचे किंवा कोळ्याचे जाड भिंतींचे, बुटक्या दारांचे आणि पुष्कळदा गवताने शाकारलेले घर. ते आता आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळते, आणि ज्या ओलसर खोल्यांतून मजुराचे पोर कधी एकदा शहरात पळून जाईन असे म्हणत वाढले, त्याच खोल्यांत राहण्यासाठी शहरातला सुखवस्तू माणूस चांगल्या हॉटेलाइतके पैसे हसत मोजतो. मात्र त्याला पर्यटक म्हटलेले खपत नाही. पर्यटक म्हणजे बसमधून घोळक्याने उतरणारे ते इतर लोक. कॉटेजकर हा स्वतःच्या मते, सात दिवसांपुरता का होईना, गावचा रहिवासी असतो, आणि त्याचे बहुतेक सगळे वर्तन या एका समजुतीतून उलगडते.

पहिल्या प्रवेशातच त्याचे कपाळ तुळईवर आपटते, आणि शहरातल्या घरी ज्यावरून त्याने सुताराला धारेवर धरले असते तो प्रकार येथे ‘अस्सल’ ठरतो. त्यानंतर मालकिणीने ठेवलेल्या फाइलचे पारायण होते. कोणता कचरा कोणत्या डब्यात आणि तो डबा कोणत्या वारी बाहेर, लाकडाची शेगडी कशी पेटवावी, मैलाटाकीत काय काय जाऊ देऊ नये, अशी त्या फाइलमधील विधिनिषेधांची यादी एखाद्या स्मृतिग्रंथालाही लाजवील इतकी लांबलचक असते. स्वयंपाकघरातील टेबलावर स्वागतासाठी स्कोन (म्हणजे साय आणि जॅम लावून खाण्याची जाडसर गोड पावरोटी), दूध आणि गावची अंडी मांडलेली असतात. त्यांतील एखाद्या अंड्याला वाळक्या गवताची काडी चिकटलेली आढळली, तर कॉटेजकर ते अंडे उजेडात धरून घरातल्या सर्वांना दाखवतो. तशीच काडी लंडनमधील दुकानातल्या अंड्यावर दिसली असती, तर त्याने ते परत केले असते.

त्याचे मुख्य आयुध म्हणजे ऑर्डनन्स सर्वेक्षणाचा नारिंगी वेष्टणाचा नकाशा. 1791 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम फ्रेंच स्वारीच्या धास्तीतून दक्षिण किनाऱ्यावर प्रथम वेग धरू लागले, आणि ज्या नकाशांनी शत्रूला अडवायचे होते त्यांचे वंशज आता सुटीवरील कुटुंबांना चहाच्या दुकानापर्यंत पोहोचवतात. 1:25,000 या प्रमाणात, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर अशा हिशेबाने काढलेल्या या नकाशात शेताचा बांधन् बांध दिसतो आणि सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. ज्या प्रदेशाचा इंचन् इंच दोनशे वर्षांपूर्वीच मोजून झाला आहे, त्याचा शोध लावायला कॉटेजकर रोज सकाळी निघतो. आणि वाऱ्यात उघडलेला नकाशा मूळच्या घडीवर पुन्हा कधीही येत नाही, हा त्याच्या शोधाचा एकमेव खात्रीशीर निष्कर्ष असतो.

या पायवाटांमागे मात्र गंभीर इतिहास आहे. महाराष्ट्रात वहिवाटीच्या ज्या वाटेपायी भाऊबंदांच्या पिढ्या तहसील कचेरीत चपला झिजवतात, तसल्या वाटा इंग्लंडमध्ये सर्वांच्या हक्काच्या म्हणून कायद्याने नोंदलेल्या आहेत. 1932 च्या एप्रिलमध्ये डर्बीशरमधील किंडर स्काउट या जमीनदारांनी राखलेल्या पठारावर शेकडो कामगार ठरवून घुसले, त्यांतील पाचजण तुरुंगात गेले, आणि 1949 च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद ठेवणे सरकारी यंत्रणेवर बंधनकारक झाले. त्या तुरुंगवासाचे फळ म्हणून आज कॉटेजकर कोणाच्याही गव्हातून ताठ मानेने जाऊ शकतो, फक्त वाटेत गाई उभ्या नसल्या म्हणजे झाले. असल्या तर तो प्रथम थांबतो, मग त्यांना अदबीने सुप्रभात म्हणतो, आणि हक्काचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून कुंपणाच्या कडेकडेने ‘स्टाइल’ गाठतो. स्टाइल म्हणजे गुरे अडावीत पण माणूस ओलांडून जावा म्हणून कुंपणाला बसवलेल्या लाकडी किंवा दगडी पायऱ्या.

पायी चालण्यापेक्षाही खडतर परीक्षा मोटारीत होते. पश्चिम डॉर्सेटमधील मऊ वालुकाश्मात शतकानुशतके गाड्या आणि गुरे जाऊन काही वाटा दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा पुरुषभर, काही ठिकाणी त्याहूनही खोल गेल्या आहेत, आणि ज्या डांबरी झाल्या त्यांचीही रुंदी मोठ्या मनाने एका बैलगाडीची धरता येईल. अशा वाटेवर समोरून दुसरा कॉटेजकर आला की सौजन्याचा सामना सुरू होतो: दोघेही हसतात, दोघेही हाताने ‘आधी तुम्ही’ सुचवतात, दोघेही एकाच वेळी मागे जाऊ लागतात, थांबतात आणि पुन्हा एकाच वेळी पुढे येतात. हा पेच सहसा मागून येणारा ट्रॅक्टर सोडवतो, कारण ट्रॅक्टर मागे जात नाही. त्याचा चालक स्थानिक असतो आणि त्याला तो असल्याचे सिद्ध करावे लागत नाही.

पावसाचा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. कॉटेजकर पावसाला घाबरत नाही. तो पाऊस पडत असल्याचे मान्यच करत नाही. समुद्र करडा, आकाश त्याहून करडे आणि मुले निळी पडलेली असतानाही तो क्षितिजाकडे बोट दाखवून ‘तिकडे जरा उजळतेय’ असे म्हणतो, आणि या श्रद्धेला कोणताही पुरावा धक्का लावू शकत नाही. चेसिल नावाच्या किनाऱ्यावर तो वाऱ्याचा आडोसा म्हणून आणलेले कापडी कुंपण ठोकायला जातो. पण हा सुमारे 29 किलोमीटर लांबीचा बांध निव्वळ गोट्यांचा असल्याने त्यात खुंटी उभी राहत नाही. पश्चिमेला वाटाण्याएवढे असलेले हे गोटे पोर्टलंडकडे जाता जाता बटाट्याएवढे होतात, आणि अंधारात होडी लावणाऱ्या कोळ्याला नुसत्या गोट्याच्या आकारावरून आपण कोठे लागलो ते कळे, असे सांगतात. ही माहिती कॉटेजकर कुटुंबाला मोटारीत बसून देतो, कारण तोवर सर्वजण समुद्राकडे तोंड करून उभ्या केलेल्या मोटारीत परतलेले असतात. थर्मासमधला चहा झाकणातून फिरतो, ओल्या जाकिटांच्या वाफेने काचा धुरकटतात, सँडविचचे तुकडे गिअरच्या दांड्याभोवती साचतात, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी बाहीने काच पुसून समुद्र अजून जागेवर आहे याची खातरजमा करते. शेजारी तशाच दहा-बारा मोटारी ओळीने उभ्या असतात. या अवस्थेत कॉटेजकर जितका समाधानी दिसतो, तितका तो उन्हात क्वचितच दिसतो.

पाऊस ओसरला की जीवाश्मांची शिकार ठरलेली. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा हा 95 मैलांचा किनारा 2001 पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि लाइम रीजिस गावात मेरी अ‍ॅनिंग (1799–1847) ही सुताराची मुलगी याच कड्यांखालून इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर अशा लोप पावलेल्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे शोधून काढी. तिच्या शोधांवर विद्वानांनी प्रबंध वाचले, पण लंडनच्या भूविज्ञान संस्थेत स्त्री म्हणून तिला प्रवेश नव्हता. तिचे पोट भरत असे ते गावात हवापालटासाठी आलेल्यांना शिंपल्यांचे दगड विकून. कॉटेजकराचा पूर्वज या ग्राहकांत असणार, आणि वंशजही ग्राहकच राहिला आहे. तो नवा हातोडा घेऊन चार्मथच्या किनाऱ्यावर दिवसभर वाकून हिंडतो, खिसाभर दगड जमवतो, ते निव्वळ दगड असल्याचे कोणा दहा वर्षांच्या मुलाकडून समजल्यावर दुकानातून एक सुबक अमोनाइट, म्हणजे गोगलगायीसारख्या वळ्यांचा जीवाश्म, विकत घेतो. तो मादागास्करहून आलेला आहे, हे खालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

या हौसेची किंमत गावाला पडते, हेही नोंदवले पाहिजे. भाड्याच्या आणि दुसऱ्या घरांमुळे किनाऱ्यावरील गावांत स्थानिक तरुणांना घर परवडेनासे झाले. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्जच्या मतदारांनी तर 2016 साली नवी बांधलेली घरे फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा कौल दिला. हंगामी ग्रामस्थाला गाव जिवंत हवे असते, पण त्याच्याचमुळे डिसेंबरात त्या गावातील खिडक्या अंधाऱ्या राहतात.

कॉटेजकराची मराठी उपजातही आता या किनाऱ्यावर आढळते. किंडर स्काउटची घुसखोरी ज्या वर्षी झाली त्याच 1932 साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, आणि तेथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी कॉटेजची चाल उचलली ती कुकर, मेतकूट आणि मिसळणाच्या डब्यासह. बुटक्या छताखाली मोहरी तडतडताच धुराची घंटा कोकलू लागते, काका स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतात, काकू गॅस बंद करायला ठाम नकार देतात, आणि आठवड्याअखेरीस पाहुण्यांच्या वहीत हे कुटुंबही इतरांप्रमाणेच हवामान उत्तम होते असे लिहून येते.

ज्या वाचकांचा तिकडे जाण्याचा बेत असेल, त्यांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवावे, ओहोटी लागल्यावरच किनाऱ्यावर उतरावे, पावसानंतर कड्यांच्या पायथ्याशी रेंगाळू नये, कारण तेथील माती ठिसूळ असून दरडी वारंवार कोसळतात. आणि चिप्स शक्यतो छपराखाली खाव्यात, कारण तेथील समुद्रपक्षी विचारून घेत नाहीत.