वेल्डिंगचा चष्मा लावून वाजवा

दीड लाखाची गिटार, चाळीस हजारांचा अ‍ॅम्प आणि सॉकेटला अर्थिंग नाही. दिवसा पत्रा कापणारा वसईजवळच्या सातिवली औद्योगिक वसाहतीतला एखादा गाळा रात्री सरावाला घेणाऱ्या बँडचा हिशेब साधारण असा निघतो. अ‍ॅम्प चालू केला की पहिला स्वर गिटार लावत नाही, वीज लावते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पाश्चात्त्य ‘जी’च्या किंचित वर गाणारी. शेजारी मोटर चालू असेल तर साथसंगतही फुकट. तारांवर हात ठेवला की विजेची ही गुणगुण, म्हणजे हम, कमी, हात उचलला की पुन्हा जोरात. गिटार हातात धरून गाणाऱ्याने माइकला ओठ टेकवले तर शॉकही बसू शकतो. यावर आमचा गिटारिस्ट काय करतो? आवाज बदलणारं नवं पेडल मागवतो. वायरमन बोलावणं कितीतरी स्वस्त पडेल, पण वायरमनचा फोटो स्टेटसला ठेवता येत नाही.

तारांची थरथर टिपणाऱ्या एकेरी कॉइलच्या पिकअपला हमचा त्रास जन्मजात आहे. 1955 च्या सुमारास गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडून हमने हम मारला. पैसा खर्चावा असा हा शोध. आणि गंमत म्हणजे आज तो अगदी साध्या गिटारीतही बसवलेला मिळतो.

आता ते पेडल. सातिवलीत मालाची किंमत कच्चा माल आणि मजुरी धरून काढतात. अ‍ॅल्युमिनियमची डबी, तीन नॉब, मूठभर डायोड आणि रेझिस्टर समोर ठेवा. कुठलाही फोरमन कटिंग संपायच्या आत आकडा सांगेल. त्याला ‘क्लॉन सेंटॉर’ची गोष्ट सांगू नका, चहा सांडेल. अमेरिकेत बिल फिनेगन यांनी 1994 मध्ये हे पेडल विकायला काढलं. नग बनले सुमारे 8000. नक्कल होऊ नये म्हणून आतलं सर्किट इपॉक्सीने बुजवलेलं. लोकांनी इपॉक्सी खरवडलं, सर्किट उतरवलं, नकला बाजारात आल्या. त्या काही हजार रुपयांत मिळतात आणि मूळ नग हजारो डॉलरला जातो. नकलेत आवाज उतरला, भाव तेवढा उतरला नाही.

लाकडाचीही तीच तऱ्हा. घरातल्या शिसवी पलंगाला आपण फार तर पॉलिश करतो. तोच शिसव ‘इंडियन रोझवुड’ म्हणून गिटारच्या पाठीला लागला की त्यात लोकांना ‘ऊब’ ऐकू येते. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा अकूस्टिक गिटारी बनवून घेतल्या. बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या: दुर्मीळ, महागडा ब्राझिलियन रोझवुड, आपला शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सापेले. 52 वादकांना अंधुक खोलीत बसवलं आणि डोळ्यांवर चक्क वेल्डिंगचे चष्मे चढवले. 2018 मध्ये निकाल छापून आला: सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण. डोळे झाकल्यावर ब्राझीलही गेलं आणि ऊबही गेली.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्याच बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे कोणती गिटार वाजवायचा, ते सांगत नाही. 1963 मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरीच बनवायला घेतली. मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडी चौकटीची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्वच्या. वाजवायला प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं. सातिवलीतल्या पोराने हे केलं असतं तर बापाने विचारलं असतं, काय जुगाड मांडलाय?

इतक्या लांबही जायला नको. पालघर जिल्ह्यात हळदीला बेंजो वाजतो तो ऐका. नागोयात 1912 साली गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आता पिकअपही. तो स्पीकरवर घातला की हळद लागलेला नवरदेवही पाटावर नीट बसत नाही. आजवर कुठल्या मावशीने नाच थांबवून विचारलंय, “भाऊ, पिकअप कुठल्या कंपनीचा?”

मग काय, सगळं स्वस्तच घ्यायचं? नाही. ज्या गिटारीची तार इतकी उंच आहे की बोटं सोलतात, जिच्या खुंट्या अर्ध्या गाण्यात उतरतात, ती फुकट मिळाली तरी महाग. पण हा दोष बहुधा हातकामाने जातो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडी कानसेने घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा जरा घासतो. अशी जवारी लागते आणि तानपुरा बोलायला लागतो. गिटारीलाही हेच हवं असतं: नटची खाच, तारांची उंची, फ्रेटची पातळी नीट करून देणारा माणूस. शिवाय वसईच्या पावसाळ्यात गंजलेल्या तारा वेळेवर बदलणं. हा सगळा खर्च हप्ता न बांधता भागतो, म्हणूनच बहुधा कुणाला पटत नाही.

तरीही दीड लाखाचीच हवी? जरूर घ्या, हौसेला मोल नाही. दिसते छान, भिंतीवर शोभते, मित्र जळतात; तिन्ही कारणं प्रामाणिक आहेत. चौथं कारण म्हणून ‘टोन’ सांगायचा असेल, तर आधी सातिवलीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगचा चष्मा घेऊन या.