रात्रपाळीचे गणित

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हे प्रमाण जीएनएमची, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या या तीन वर्षांच्या पदविकेची, विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवते. रात्रपाळीत तीच एकटी चाळीस खाटा सांभाळताना आढळते, तेव्हा सेवेत येताच गणिताची केवढी प्रगती होते, हे ध्यानात येते.

उरलेल्या पस्तिसांचीही आबाळ होत नाही. सलाईनची बाटली रिकामी होत आली की नळीवरची चाकी फिरवून थेंब थांबवणे आणि मगच “सिस्टर” अशी हाक घालणे, हे कौशल्य खाटेखाली सतरंजी अंथरून बसलेला रुग्णाचा भाचा तासाभरात आत्मसात करतो, तर विद्यार्थिनीला असल्याच कामांसाठी प्रात्यक्षिकाची वही, प्रसूतींच्या नोंदींचे केसबुक आणि त्यांवर पर्यवेक्षिकेच्या सह्या लागतात (त्या मिळवण्याचे कसब अभ्यासक्रमात नसूनही सर्वांना येते).

पदविका आणि राज्य परिषदेची नोंदणी हाती आल्यावर जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी अट भेटते, आणि तो अनुभव देणारे रुग्णालय मूळ प्रमाणपत्रे बॉण्डपोटी आपल्या कपाटात जपून ठेवण्याचा त्रासही आनंदाने सोसते. तेव्हा डिस्चार्ज कार्डासोबत नातेवाइकांना अनुभवाचा दाखला देण्याची प्रथा तातडीने सुरू करणे इष्ट होय. भाचा त्या जागेसाठी सर्वस्वी पात्र ठरेल, फक्त मामांचे दुखणे दोन वर्षे लांबले पाहिजे.