भाऊबीजेची हार्डडिस्क

लिनक्सवाल्याला मुलीसाठी स्थळ विचारा, तो विचार करून उत्तर देईल. बॅकअप कसा घ्यावा हे विचारा, विचार न करता देईल, आणि ते शेजारच्या लिनक्सवाल्याला अजिबात पटणार नाही.

जुन्या वळणाची मंडळी म्हणतात, 'टार' असताना आणखी काय हवं? 1979च्या युनिक्सबरोबर आलेली ही आज्ञा अजून ठणठणीत आहे. त्याहून कर्मठ मंडळी 'डीडी' वापरतात. डीडी अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवून देतो. मात्र 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर कोऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल तो भरलेल्या डिस्कवर तितक्याच निष्ठेनं करतो. 'नक्की ना?' असं विचारण्याचा आगाऊपणा त्याच्या स्वभावात नाही.

लिनक्स मिंटबरोबर येणारा टाइमशिफ्ट दिसायला फार गोड. पण मुळात तो फक्त सिस्टिम सांभाळतो, होम फोल्डर वगळतो. म्हणजे जे पुन्हा फुकट उतरवून तासाभरात बसवता येतं ते सुरक्षित, आणि लेकीच्या बारशाचे फोटो वाऱ्यावर! तसा त्याचा हेतू रास्त आहे: बिघडलेलं अपडेट मागे फिरवताना काल लिहिलेलं पत्रही मागे जाऊ नये. पण बॅकअपचं हिरवं चिन्ह दिसल्यावर हेतू वाचत बसतो कोण?

मग बोर्ग. हा फायलींचे तुकडे करतो, तोच तुकडा पुन्हा आला तर पुन्हा साठवत नाही, आणि सांगितलं तर सगळ्याला कुलूप लावतो. परवलीचा शब्द विसरलात तर तुमचा डेटा तुमच्यापासूनही सुरक्षित. म्हणून तो मी कागदावर लिहून कपाटात, साड्यांखाली ठेवला. "एवढं काय आहे त्यात?" बायकोनं विचारलं. विजेची बिलं, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं आणि माझ्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाचे अनेक खर्डे, हे सांगायला जीभ रेटेना. खर्ड्यांचं तर विचारूच नका. पहिल्या खर्ड्याला जेवढी जागा लागली, जवळपास तेवढ्यातच बाकीचे सगळे मावले. कादंबरीची इतकी रोखठोक समीक्षा आजवर कुणी केली नव्हती.

माझं मत आरसिंकला. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी 1996 साली आणलेला हा प्रोग्रॅम बदललेला भाग तेवढाच नेतो. हार्डलिंकची जोड दिली की प्रत्येक तारखेचा फोल्डर उघडल्यावर पूर्ण दिसतो, जागा मात्र नव्या-बदललेल्या फायलींपुरतीच जाते. परत मिळवायला खास प्रोग्रॅम नको, परवलीचा शब्द नको. फोल्डर उघडा, फाइल घ्या. बॅकअप घेताना माणूस निवांत असतो, परत मिळवताना घामाघूम. घामाघूम माणसाला झेपेल तीच पद्धत खरी. फक्त बाहेरची डिस्क ज्या एक्सफॅटमध्ये सजून येते त्यात हार्डलिंक चालत नाहीत, म्हणून मी ती लिनक्सच्या ईएक्सटी4मध्ये फॉरमॅट केली.

राहिला तीन-दोन-एकचा नियम: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर. यातल्या 'घराबाहेर'वर माझी श्रद्धा बसली ती 'टॉय स्टोरी 2'मुळे. 1998मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी एक आज्ञा चालवली आणि चित्रपट भराभर पुसला जाऊ लागला. बॅकअप पाहिले, तर तेही कामाचे नव्हते. वाचवलं गॅलिन ससमन यांनी: बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती.

तात्पर्य, साताऱ्याची ताई. तिला ही गोष्ट रंगवून सांगितली. ती म्हणाली, "मग त्या बाईला काय दिलं त्यांनी?" म्हटलं, 2023च्या कपातीत कामावरून काढलं. "अस्सं," ताई म्हणाली, "म्हणजे तुझी डिस्क ठेवून मला काय मिळणार ते कळलं." तरी ठेवली. आता एक डिस्क राखीपौर्णिमेला साताऱ्याला जाते, ताजी डिस्क भाऊबीजेला जाऊन जुनी परत येते. बॅकअपचं वेळापत्रक लोक क्रॉनवर सोपवतात, माझं पंचांगावर आहे. मधे अधिक महिना आला तर बॅकअपही महिनाभर लांबतो. त्याला इलाज नाही. शास्त्रापुढे आरसिंकचं काय चालणार?

व्यवस्था इतकी चोख आहे की तीत फक्त दाजींचा हिशेब राहिला होता. दाजी अत्यंत परोपकारी. घरात पडलेली कुठलीही वस्तू चालू आहे का, हे ते अधूनमधून तपासतात. त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स नाही. परवा भर दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, तुझी ती डिस्क लावून बघितली. चालूच होईना बिचारी. आता स्क्रीनवर विचारतंय, वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?"

"दाजी, थांबा..."

"तू काळजी करू नकोस, मी हो म्हटलंय."