नव्वदच्या दशकातलं सर्वांत पडेल वर्ष कसं ठरवावं

ही मार्गदर्शिका परभणी जिल्ह्यास लागू राहील. हिंगोलीस ती ३० एप्रिल १९९९ पर्यंतच्या गाण्यांपुरतीच लागू आहे, कारण दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, हिंगोली वेगळा जिल्हा झाला. 'सरफरोश' त्या ३० एप्रिललाच लागला, म्हणून तो एका दिवसाच्या फरकानं अखंड जिल्ह्याच्या वाट्याला आला. 'हम दिल दे चुके सनम' आणि 'ताल' नंतरचे. त्यांच्यावर हिंगोलीकरांनी जरूर बोलावं. नोंद वेगळ्या वहीत होईल.

साहित्य : तीन माणसं, एक ताई, चहा. तिघांपैकी एकानं त्या काळात कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलेलं असावं. असा माणूस मिळत नसेल तर आमचे दाजी घेऊन जावेत. त्यांना आमंत्रण लागत नाही. कुणाच्याही ओट्यावर कुमार सानूचं नाव निघालं की ते जिंतूर रोडनं स्कूटर मारत येतात आणि बूड टेकायच्या आत निकाल देतात : "शहाण्णव. सगळ्यात पडेल साल शहाण्णव. लिहून घे."

आधी निकाल आणि मग सुनावणी ही पद्धत चुकीची आहे. म्हणून पुढील कलमं.

कलम पहिलं, हद्द. बांधावरून भांडण्याआधी मोजणी आणतात, तसं दशक कुठं सुरू होतं ते ठरवून घ्यावं. हिशेबी माणसं १९९१ ते २००० असं धरतात. मग 'आशिकी' बाहेर जाईल, एवढं सांगितलं की ती ताळ्यावर येतात. खरी अडचण 'मैंने प्यार किया'ची. तो लागला २९ डिसेंबर १९८९ ला. कागदोपत्री तो ऐंशीच्या दशकाचा, पण कानांना विचारलं तर नव्वदचा. शिवाय त्याचे संगीतकार राम-लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासूनचे. तीन दिवसांसाठी आपल्या माणसाला दाराबाहेर उभं करायचं का? आम्ही त्याला आत घेतो. कुणाची हरकत असल्यास त्यानं चहाचे पैसे द्यावेत.

कलम दुसरं. स्वतःच्या लग्नाचं वर्ष पडेल ठरवू नये.

दाजींचं लग्न १९९६ चं आहे. हे कलम त्यांच्यासमोर वाचलं तेव्हा ताई आतून म्हणाली, "गाणी चांगलीच होती की त्या साली. बँडवाला पडेल होता, आन् तो यांनीच ठरवला होता."

कलम तिसरं, स्थानिक पंचांग. मुंबईचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. परभणीत गाण्यांचं वर्ष सुरू होतं फेब्रुवारीत, तुराबुल हक साहेबांच्या उरुसात. आकाशपाळण्याच्या भोंग्यावर, मौत का कुआँच्या बाहेर, बांगड्यांच्या दुकानात जे वाजतं ते आदल्या वर्षाचं तावूनसुलाखून निघालेलं गाणं. जे गाणं डिसेंबरात गाजलं आणि उरुसात ऐकू आलं नाही ते गेलं. या पंचांगानं पाहिलं तर 'रंगीला' (सप्टेंबर १९९५) आणि 'दिलवाले दुल्हनिया' (ऑक्टोबर १९९५) हे दोन्ही परभणीसाठी १९९६ चे होतात, आणि दाजींचा निकाल जागच्या जागी रद्द होतो. दाजी हे पंचांग मानत नाहीत. "उरूस उरसाच्या जागी, साल सालाच्या जागी," असं ते म्हणतात. बरं, पण भोंग्यांना कॅसेट कोण पुरवायचं, दाजी?

कलम चौथं. पुरस्कार हा पुरावा नव्हे. कुमार सानूंना 'आशिकी' ते '१९४२ : अ लव्ह स्टोरी' असा सलग पाच वर्षांच्या गाण्यांसाठी फिल्मफेअर मिळाला. त्यातून सानूंचा वकूब कळतो, पण पाचांतलं वाईट वर्ष कोणतं ते कळत नाही.

कलम पाचवं. १९९४ ला हात लावू नये. पंचमदा ४ जानेवारीला गेले आणि '१९४२'ची गाणी नंतर सगळीकडे वाजली. त्याच वर्षी 'हम आपके हैं कौन'ची चौदा. विषय संपला.

आता मुख्य कसोटी. वर्षाची पारख त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यावरून करू नये; ते प्रत्येक वर्षी एक तरी असतंच. कॅसेट उलटावी. बी बाजूचं तिसरं गाणं काय आहे ते पाहावं. चांगल्या वर्षात तेही गुणगुणता येतं. या कसोटीवर आमच्या मते पडतं ते १९९२. 'दीवाना' गाजला, 'बेटा' गाजला, नाही म्हणत नाही. पण १९९० साली जो ढोलक नवा वाटला तोच १९९२ मध्ये प्रत्येक दुकानातून ऐकू यायला लागला, अंतऱ्याआधी तीच बासरी, आणि कोणतं गाणं कोणत्या सिनेमातलं ते पडद्यावर पाहिल्याशिवाय कळेना. एक 'जो जीता वही सिकंदर' तेवढा वेगळा. 'रोजा' त्याच वर्षीचा असला तरी तमिळ; हिंदीत तो नंतर आला, म्हणून त्याचे गुण १९९२ ला देता येत नाहीत. (मराठीवाला सभासद इथं उठून 'एक होता विदूषक'चं नाव घेतो. आनंद मोडकांचं संगीत, आपल्या महानोरांचे शब्द, साल १९९२. त्याला खाली बसवावं. त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला खाली बसवावं.)

बी बाजूचा विषय काढला की दाजी स्कूटरची किल्ली खिशात ठेवतात. म्हणजे ते आता लवकर उठत नाहीत. इथं सभासदांनी मुकाट ऐकून घ्यावं, कारण यातलं त्यांना खरोखर कळतं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस. बाजू संपताना गाणं मध्येच तुटलं तर तो दाजींच्या लेखी गुन्हा होता. त्यांच्या वहीत प्रत्येक गाण्याची लांबी मिनिट-सेकंदात लिहिलेली असे, आणि शेवटच्या फटीत बसेल असं गाणं ते यादीबाहेरचं, स्वतःच्या पदरचं भरून देत. गिऱ्हाईक आठ दिवसांनी येऊन विचारायचं, "शेवटचं ते कोणतं हो?" झंकार बीट्स भरून द्यायला ते साफ नकार देत, "मूळ गाण्यात तबला कमी पडला होता काय?" असं विचारत. भरून झालं की कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मोडून देत, म्हणजे घरच्या पोरांनी त्यावर स्वतःचा आवाज भरू नये. ती कॅसेट आजही पुसली जात नाही. वाजवायला यंत्र नाही, ही गोष्ट वेगळी.

तर १९९६ वर त्यांचा राग का? १९९१ मध्ये लोक यादी आणायचे त्यात 'साजन'ची चार, 'सडक'ची तीन, 'फूल और काँटे'ची दोन. कॅसेट लावली की गाणी ओळीनं उतरायची. १९९६ मध्ये यादीत प्रत्येक सिनेमाचं एक. 'पापा कहते हैं'चं एक, 'फरेब'चं एक, 'तेरे मेरे सपने'चं एक. प्रत्येक गाण्याला कॅसेट बदला, पुढं पळवा, मागं आणा, कान लावून सुरुवात पकडा. "एक कॅसेट भरायला दुपार जायची राजा. एका गाण्याचे सिनेमे काढले त्या साली. बी बाजूचं तिसरं म्हणतूस ना? तिसरं मागायला कुणी आलंच नाही."

सूचना : आमची मुख्य कसोटी आमच्यावरच उलटवणारा हा युक्तिवाद दाजींना बिस्किटं येण्याआधी करू देऊ नये. झालाच तर 'माचिस' काढावा. विशाल भारद्वाज, गुलजार, ऑक्टोबर १९९६, दोन्ही बाजू भरलेल्या. दाजी म्हणतील, परभणीत 'माचिस' किती जणांनी भरून नेला ते मला विचार. विचारू नये. 'खामोशी' काढावा. ते म्हणतील, सिनेमा पडला. म्हणावं, आपण गाण्यांचं बोलतोय. ते म्हणतील, मग 'राजा हिंदुस्तानी' का नाही काढत? इथं सावध राहावं. 'राजा हिंदुस्तानी' त्यांना मनापासून आवडतो, आणि तो १९९६ चाच आहे. पण हे दाखवून दिलं की ते दोन दिवस बोलत नाहीत, ताईला फोन करून मध्यस्थी करावी लागते, आणि ताई म्हणते, "तुला दुसरं काही काम नाही का रे?"

शेवटचं कलम भाच्याबद्दल. तो कॉलेजात आहे आणि मोबाइलवर 'नाइन्टीज हिट्स' लावतो. त्याच्या लेखी ही दहा वर्षं म्हणजे एकच लांबलचक गाणं आहे, ज्यात मधूनमधून पाऊस पडतो. परवा त्यानं आमचा वाद मिटवायला म्हणून यादी लावली आणि तिसरंच गाणं 'तेरे नाम'चं निघालं. दाजी आणि मी एकदमच ओरडलो. "दोन हजार तीन! तेरे नाम दोन हजार तीनचा आहे बे!"

भाच्याला मतदानाचा हक्क नाही. चहा त्यानंच आणायचा.