मोळीशास्त्रात बी.एस्सी.

बारावीचा निकाल लागला की नीरा डाव्या कालव्याच्या काठाने एकच जप सुरू होतो. एम.बी.बी.एस. नाही तर बी.डी.एस., तेही नाही तर बी.ए.एम.एस., मग बी.एच.एम.एस., आणि सगळं संपलं की 'बघू, काहीतरी पॅरामेडिकल'. या जपात किनेसिऑलॉजी हे नाव येत नाही. सोमेश्वरनगरातल्या एखाद्या मुलीने घरात जाहीर केलं, की मला माणसाच्या हालचालीचं शास्त्र पदवीला घ्यायचंय, तर आजी म्हणेल, वर्षाची झालीस तशी आपली आपण चालायला लागलीस की, त्याला आणि कॉलेज कशाला? वडील विचारतील, पुढे काय? चुलते काही विचारणार नाहीत, ते थेट निकालच देतील: पी.टी.चा मास्तर होणार म्हण की! माझं म्हणणं असं आहे, की ही पदवी महाराष्ट्रात कुठे शोभणार असेल तर ती अशाच साखर कारखान्याच्या गावात, आणि या तिघांना उत्तरं द्यायला कॅनडापर्यंत जायची गरज नाही.

तरी कॅनडाचा उल्लेख केल्याशिवाय आपल्याकडे कुठल्याही अभ्यासक्रमाला वजन येत नाही, म्हणून तो उरकून घेतो. ओंटारिओ प्रांतातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९६७ साली किनेसिऑलॉजीचा विभाग निघाला, आणि जगातला या नावाचा पहिला विभाग आपलाच, असं ते विद्यापीठ सांगतं. त्याच ओंटारिओत २०१३पासून किनेसिऑलॉजिस्टला डॉक्टर-नर्ससारखी रीतसर नोंदणी करावी लागते. शरीररचना, शरीरक्रिया, सांध्यांचं यंत्रशास्त्र, मेंदू हालचाल कशी शिकतो, काम माणसाच्या बेताचं कसं करावं, हे सगळं तिथे एकाच पदवीत शिकवतात. आपण या विषयाची वाटणी केली, आणि वाटणीत आपला हात कोण धरणार? बी.पी.एड.मध्ये त्याचा एक पेपर आहे, फिजिओथेरपीत दुसरा. माणूस मैदानावर असेपर्यंत तो शिट्टीवाल्याच्या ताब्यात, कंबर गेली की फिजिओथेरपिस्टच्या. या दोघांच्या मधली तीस-चाळीस वर्षं माणूस नुसता कामच करत असतो. तेवढी वर्षं त्याला शास्त्रात वाली नाही.

याचा अर्थ मराठी माणसाला शरीराच्या विद्येचं वावडं होतं, असा नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. दहा! अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचा संघ तिथे जाऊन देशी खेळ दाखवून आला. आस्था होती, चिकाटीही होती. फक्त हिशोबात एक बाजू राहिली. हौसेने गाळलेल्या घामाला खंडांमागून खंड मिळाले, पोटासाठी गाळलेल्या घामाला एक प्रकरणही नाही. तालमीत जोर मारणारा शास्त्राचा विषय झाला. उसाच्या फडात दिवसभर वाकणारी बाई वाहतुकीचा विषय झाली.

वास्तविक बुद्धीला खाद्य हवं असेल तर ते फडातच आहे. बोरेली नावाच्या इटालियन गणितज्ञाचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये, तो गेल्यावर, प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक गैरसोयीची गोष्ट मांडली: आपले स्नायू तरफेच्या अगदी चुकीच्या टोकाला बांधलेले आहेत, त्यामुळे बाहेर जेवढं ओझं दिसतं त्याच्या कितीतरी पट जोर आत लावावा लागतो. हाच हिशोब मोळीला लावून पाहा. समजा, मोळी ३० किलोची आहे आणि वाकलेल्या बाईच्या कण्यापासून ती ४० सेंटिमीटर पुढे आहे. पाठीच्या स्नायूंना कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरची पकड मिळते. म्हणजे आठपट, म्हणजे २४० किलो, आणि यात तिच्या स्वतःच्या धडाचं वजन धरलेलंच नाही. मुकादमाच्या वहीत ही मोळी ३० किलोचीच राहते. मग ती मोळी चुंबळीवर येते, आणि बाई फळीवरून तोल सांभाळत ट्रॉलीवर चढते. ही कसरत सर्कशीत असती तर आपण तिकीट काढून पाहिली असती. इथे तिच्यामागे थांबावं लागलं तर हॉर्न वाजवतो.

डोक्यावरच्या ओझ्याची तर नामवंत शास्त्रज्ञांना भुरळ पडली आहे. केनियातल्या लुओ बायका डोक्यावर, आणि किकुयू बायका कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर, शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचं ओझं घेऊन जादा ऊर्जा न खर्चता चालतात, असं १९८६ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. ते कसं जमतं, याचा उलगडा १९९५ साली त्याच नियतकालिकात झाला. चालताना आपलं शरीर प्रत्येक पावलाला थोडं वर जातं, थोडं खाली येतं, आणि लंबकासारखी ऊर्जेची देवाणघेवाण चालू असते. त्या बायका ही देवाणघेवाण इतरांपेक्षा कमी नासाडीत करतात. २००५ साली 'सायन्स'मध्ये नेपाळी हमालांची पाळी आली. आता हा हिशोब आपल्याकडे लागू पडला, तर पन्नास किलो वजनाच्या बाईच्या डोक्यावरचं दहा किलोपर्यंतचं तुळशीवृंदावन फुकटात पंढरपूरला पोचतं. सोपानकाकांच्या पालखीबरोबर ते सोमेश्वरनगरवरूनच जातं. पण लागू पडतो का? हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि मोजायला लागते ती फोर्स प्लेट. ही काही अद्भुत वस्तू नाही, जमिनीत बसवलेला वजनकाटाच तो. फरक एवढाच, की त्यावर उसाऐवजी पाऊल पडतं आणि त्याच्या मापावर शेतकरी संघटना संशय घेत नाही.

मोजण्याची हौस आपल्याला कमी आहे, असंही कुणी म्हणू नये. कारखान्याला साखरेचा उतारा दशांशचिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत लागतो, आणि शेजारच्या कारखान्याचा ०.१० ने जास्त निघाला तर सर्वसाधारण सभेत माइक हिसकावले जातात. नीरेपलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून आहे. ८६०३२ ही जात कधी लावावी, किती फुटांवर लावावी, तिला कोणतं खत कधी द्यावं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. माणसाच्या स्नायूंचा उतारा मात्र कुणी विचारत नाही. तो साधारण २० ते २५ टक्के असतो. खाल्लेल्या भाकरीतली तेवढीच ऊर्जा कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. उसाच्या दुप्पट उतारा देणारं हे यंत्र हंगामभर विनातक्रार चालतं, आणि त्याच्यासाठी एकही वार्षिक अहवाल निघत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. आजींचा आक्षेप असा, की चालणं-पळणं आपोआप येतं. येतं, पण किती येतं? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक घेतलं. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे असतात आणि सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. पाण्यावरून उड्या मारण्यात महाराष्ट्राचं नाव काढलं ते दोन दुष्काळी तालुक्यांनी. कालव्याचं पाणी बारमाही पाहणारे आपण अजून काठावरच आहोत. दोघांच्या पायांत जन्मजात काहीतरी असेलच, पण अडथळ्यावर पाय किती दाबायचा आणि पाण्यात किती लांब पडायचं, हे जन्मजात नसतं.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा: पदवी कशाला, एक शिबिर घ्या आणि 'गुडघ्यात वाका, कंबर सरळ ठेवा' एवढं सांगा. दीपप्रज्वलन, सत्कार, नारळ, संपलं. दुर्दैवाने हे तपासून झालंय. ओझं उचलण्याचं नुसतं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते का, याचे प्रयोग एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात तसा पुरावा सापडला नाही. म्हणजे बदलायला हवं ते ओझं, फळीचा उतार, ट्रॉलीची उंची. ते बदलायचं तर किती बदलायचं हे सांगणारा माणूस लागतो, आणि शिबिरातून तो तयार होत नाही. या शास्त्राचा मला आवडणारा गुण असा, की ते आपलंही ऐकून घेत नाही. बसल्यावर कण्याच्या चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, असं स्वीडनच्या नाकेमसनने मोजून सांगितलं होतं. १९९९ साली विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा तो फरक टिकला नाही. पारावर बसणाऱ्यांना दिलासा मिळाला. मोजून आपलं मत बदलणारी माणसं पारावर क्वचितच भेटतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि त्यावर विनोद करवत नाही. कोयत्याने, म्हणजे ऊसतोड जोडप्याने, उचल घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते, उचल फिटेपर्यंत सुटका नसते. अशा नवरा-बायकोला तरफेचं गणित सांगणं ही थट्टा नाही का? हे गणित त्यांना सांगायचं असेल तर थट्टाच आहे. ते सांगायचंय करार करणाऱ्यांना. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या निऑश संस्थेच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोच्या वर जात नाहीत, आणि वाकावं लागलं, वळावं लागलं, की तेही कमी होत जातं. दरवाढीच्या बैठकीत 'फार कष्ट आहेत हो' या वाक्याला चहा मिळतो. आकड्याला निदान उत्तर तरी द्यावं लागतं. आणि हार्वेस्टर आला की हे सगळं संपेल, असं म्हणणाऱ्यांनी हार्वेस्टर चालवणाऱ्याच्या मणक्याला बसणारे धक्के, पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप आणि मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लटकवलेले दुधाचे कॅन एकदा हिशोबात घ्यावेत.

उरला वडिलांचा प्रश्न: पुढे काय? नोकरीची पाटी आज लागलेली नाही, हे मान्य. पण केमिस्ट्रीच्या पदवीधराला कारखान्याच्या लॅबमध्ये जागा आहे ती तरी का? कधीतरी कुणाला तरी वाटलं, की रस मोजायला माणूस ठेवला पाहिजे. सोमेश्वरनगरात काकडे महाविद्यालय आहे, कारखाना आहे, हंगामात फड आहे. बी.एस्सी.च्या वर्गापासून काट्यापर्यंतचं अंतर विद्यार्थी चालत जाऊ शकतात, आणि जाता जाता पहिलं प्रात्यक्षिकही उरकतं.

पालकांना मात्र एक सावधगिरीची सूचना. याच नावाला 'अप्लाइड' हा शब्द जोडून १९६४ साली अमेरिकेत जॉर्ज गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरने एक निराळाच प्रकार सुरू केला. तुमच्या एका हातात बाटली देतात, दुसरा हात खाली दाबतात, आणि तो किती जोराने खाली आला यावरून तुम्हाला काय बाधतं ते सांगतात. बाटलीत काय आहे हे कुणालाच माहीत नसेल अशी चाचणी घेतली, की हे निदान नाणेफेकीइतकंच खरं ठरतं. अंगात येणाऱ्या बाईकडे निदान फी नारळात घेतात. तेव्हा प्रवेश घेताना अभ्यासक्रमात शरीररचना, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र आहे का ते पाहा, आणि कुणी हातात बाटली दिलीच, तर ती टेबलावर ठेवून घरी या.