जिजी, ती गिरणी नाही, मासे आहेत!

“काय वं बाई, मागच्या खोलीत गिरणी टाकली का तुम्ही? रात्रभर घूंऽऽ घूंऽऽ चाललेलं असतं.”

“गिरणी कुठली, जिजी! हवेचा ब्लोअर आहे तो. ह्यांनी माशांची खोली केली ना. ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या गेल्या पडवीत, अन् त्यांच्या जागी आल्या बारा टाक्या.”

“बारा? माय वं! लोक बैठकीत शोभेला एक ठेवतात.”

“मीही तेच म्हटलं. पण शोभेला एक पुरते, पैदाशीला नाही. जरा जवळ या, मोठ्याने बोलायची गोष्ट नाही. गप्पी माशाच्या मादीची एकदा नराशी गाठ पडली ना, की पुढे काही महिने नर नसला तरी ती पिल्लं देत राहते.”

“अगं बाई!”

“मग बाजारातून आणलेल्या मादीच्या पिल्लांचा बाप कोण, हे ब्रह्मदेवही सांगू शकायचा नाही. म्हणून नर-मादी ओळखू येताच वेगळे काढायचे. लाल शेपटीचे नर एकीकडे, त्यांच्या बहिणी दुसरीकडे, निळ्यांचं खटलं तिसरीकडे. साधारण महिन्याने बाळंतपण, वीस-तीस पिल्लं, आणि आईच मागे वळून त्यांना मटकावते! म्हणजे पिल्लांचं घर आणखी वेगळं. झाल्या की नाही बारा?”

“आम्हाला सासूने वेगळी चूल मांडू दिली नाही, अन् माशांचे लाड बघा. पण गप्पी तर आरोग्य खात्याची माणसं फुकट सोडून जातात, डासांच्या अळ्या खायला. आमच्या हौदात आहेत.”

“ते राखाडी, गावठी. जात तीच, पण पिढ्यान् पिढ्या निवडून आमच्या माशांच्या शेपट्या रुंद आणि रंगीत केल्यात. हे जोडीने विकले जातात.”

“मग वरची खोली रिकामीच आहे की. तिथे मांडायच्या.”

“वजन, जिजी! दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. बारा टाक्यांचं झालं पावणेसात क्विंटल. काच आणि लोखंड वेगळंच. म्हणून खाली, भिंतीला धरून अँगलचा तीन खणांचा रॅक. टाकीखाली थर्माकोलची शीट घालतात. एखादा खडा राहिला तरी तळाची काच तडकते.”

“अन् हा ब्लोअर सगळ्यांना एकच?”

“एकच. खोलीभर पीव्हीसी पाइपचं कडं फिरवलंय, टोकाला टोक जोडून, म्हणजे पहिल्या टाकीला आणि शेवटच्या टाकीला हवेचा दाब सारखाच. त्यातून टाकीगणिक बारीक नळी, तिला कॉक, आणि पाण्यात स्पंजचा फिल्टर. ब्लोअर मात्र टाक्यांच्याही वर बसवलाय. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येतं. खाली असता तर त्याच्यातच शिरलं असतं.”

“लाइट तर आपल्याकडे जातच असते.”

“इन्व्हर्टर आहे ना. आधी ब्लोअर, उरलं तर माझा पंखा!”

“मासे तरी नीट जगतात का?”

“पहिल्या खेपेला कुठले! आज टाक्या भरल्या, उद्या मासे सोडले, आठवड्यात निम्मे उताणे. दुकानदाराने औषधाच्या बाटल्या गळ्यात मारल्या. पण रोग नव्हताच, पाणी कच्चं होतं. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, अन् तो पचवणारे जिवाणू स्पंजात धरायला चार-सहा आठवडे लागतात. आता नवी टाकी लावली की जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज हे तिच्यात पिळतात. दुधाला विरजण लावतो ना, तसं.”

“हां, हे कळलं. पण मे महिन्यात? इथे 45 अंशात माणूस टिकत नाही. उनपदेवच्या कढत पाण्यात आपण हौसेने बसतो, माशाला कोणी विचारलं?”

“पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसात. म्हणून खिडकीत कूलर, समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट. गरम हवा वर चढते, त्यामुळे ऊब लागणारे फायटर वरच्या खणात, अन् गोल्डफिश तळाला. ह्यांना कोणीतरी डिस्कस माशासाठी भरीस घातलं होतं. तो अॅमेझॉनचा, त्याला मऊ पाणी लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, गीझरची कॉइल पांढरी होते! त्याच्यासाठी आरओ बसवायचं, म्हणजे कितीतरी पाणी मोरीत सोडायचं. मी सरळ सांगितलं, चोपड्याच्या पाण्यात रमेल तोच मासा आपला. गप्पी, मॉली, प्लॅटी ह्यांना हेच जड पाणी मानवतं.”

“शहाणी आहेस. अन् घाण पाणी कुठे टाकता?”

“तुमचा कढीपत्ता यंदा एवढा कशाने फोफावला वाटतं? दर रविवारी टाक्यांतलं चौथाई पाणी बदलतात, ते भिंतीच्या फटीतून तुमच्याकडेच येतं.”

“असं! मी शेणखताला पुण्य देत होते. पण उद्या कंटाळा आला तर सोडतील सगळे अनेरमध्ये.”

“छे! नदीत परके मासे सोडायचेच नाहीत. टाकीची काच चाटणारा सकर मासा उजनी धरणात माजलाय, मासेमारांची जाळी फाडतो.”

“एवढा खटाटोप करून हाताला लागतं काय?”

“आत्ता कुठे सुरुवात आहे. चेन्नईच्या कोळत्तूरला गल्लीच्या गल्ल्या ह्याच धंद्यावर जगतात. अन् 2020 ची ती मत्स्य संपदा योजना आहे ना, प्रधानमंत्र्यांची? परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला 3 लाखांचा खर्च धरतात. सर्वसाधारण पुरुषाला अनुदान 40 टक्के, बाईला 60.”

“म्हणजे बाईला 1 लाख 80 हजार?”

“हो. म्हणून अर्ज माझ्या नावाने. टाक्या ह्यांच्या, मालकीण मी! पण मंजुरी येईपर्यंत कुणाला बोलू नका हं, जिजी.”

“मी कशाला बोलते, बाई! मला काय करायचंय… अगं ए, मंदिरात निघालीस का? थांब, मीपण येते. एक गंमत सांगायचीय!”